जुनी पायमशिनं आणि त्यांची टेबलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायाने चालणारं जुनं शिलाई मशीन दिसलं की माणसं दोनच गोष्टी विचारतात: किती जुनं आहे, आणि विकलं तर किती येतील? स्वतः मशिनं जमवायला लागलं की या दोन्ही प्रश्नांतली गंमत ओसरते आणि खरे प्रश्न सुरू होतात. अशी मशिनं गोळा करताना, उघडताना आणि एक-दोनदा बिघडवताना मला जे प्रश्न पडले, किंवा इतरांनी मला विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम फार शिस्तीचा नाही.

मशीन बघायला गेल्यावर आधी काय बघायचं?

वय, कंपनी, नक्षी हे सगळं नंतर. आधी वादी, म्हणजे मोठ्या चाकाला वरच्या चाकाशी जोडणारा चामड्याचा पट्टा, चाकावरून उतरवा आणि उजवीकडचं हातचाक हळूच स्वतःकडे फिरवा. सुई खाली-वर झाली, कापड सरकवणारे खालचे दात हलले आणि कुठे खडखड आली नाही तर निम्मं काम झालं.

मग सुईजवळची सरकती पट्टी उघडून आत डोकवा. लांबट शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, लागणारं मशीन असेल तर ते शटल जागेवर आहे का, त्यात लांबट बॉबीन आहे का, हे डोळ्यांनी पाहा. बोटाएवढी ही वस्तू सगळ्यात आधी हरवते. ‘सगळं आहे हो त्यात’ असं विकणारा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सुई आणि चाक एवढंच असतं. सरकत्या पट्ट्यांचंही तेच. त्या नसल्या तर मशीन शिवतं, पण शटलवर कापसाचा पुंजका साठतो आणि कापड आत ओढलं जातं.

त्यानंतर लाकूड. प्रत्येक खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा. बारीक भोकं जुनी असतात, ती चालतील. पण भोकांखाली ताजी पिवळसर भुकटी सांडत असेल तर कीड अजून जिवंत आहे, आणि ती तुमच्या घरातल्या बाकीच्या लाकडालाही सोडणार नाही. शेवटी बिडाचं स्टँड. बीड वाकत नाही, तुटतं. पायांच्या नक्षीत, विशेषतः जोडाजवळ, तडा किंवा वेल्डिंगची गाठ दिसते का ते बोट फिरवून बघा.

नक्षी मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघितली तर बाकी काही दिसत नाही.

चाक गरगर फिरतं, पण सुई जागची हलत नाही. मशीन गेलं का?

बहुतेक वेळा नाही. हातचाकाच्या मधोमध एक गोल मूठ असते. बॉबीन भरताना सुई उगीच खाली-वर होऊ नये म्हणून ती सैल करतात. कुणीतरी कधीकाळी बॉबीन भरली, मूठ सैलच राहिली, आणि मशीन ‘बिघडलेलं’ म्हणून माळ्यावर गेलं. मूठ घट्ट करा. तरीही पकड येत नसेल तर मुठीचा छोटा स्क्रू काढून आतला वॉशर पाहा. त्याला कडेला छोटे कान असतात. कुणी साफसफाई करून तो उलटा बसवला असेल तर मूठ कितीही आवळली तरी चाक नुसतंच फिरतं. वॉशर पलटा.

आणि चाकच हलत नसेल तर?

जोर लावू नका. मोठा पाना तर नकोच.

अडकलेल्या दहांतल्या आठ-नऊ मशिनांत गंज दोषी नसतो, दोषी असतं वाळलेलं तेल. वर्षानुवर्षं पडून राहिलं की तेल आधी मधासारखं घट्ट होतं, मग तपकिरी लाखेसारखं कडक. खाद्यतेल किंवा मिळेल ते तेल घातलेलं असेल तर हे लवकर होतं. ही लाख मोडायची नसते, भिजवायची असते.

माझ्याकडचं एक मशीन इतकं गच्च होतं की हातचाक म्हणजे भिंतीला लावलेली खुंटी वाटावी. आधी मधली मूठ सैल केली. चाक सुटून फिरलं, म्हणजे अडचण चाकात नव्हती, आत होती. मग सुईजवळचं आणि मागचं झाकण काढलं, मशीन बिजागरीवर मागे टेकवलं आणि लोखंड लोखंडावर घासतं अशा प्रत्येक जागी रॉकेलचा एकेक थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी चाक नखभर हललं. मी पुढे ढकललं नाही, मागे-पुढे, मागे-पुढे एवढंच केलं. सांध्यांतून काळपट रस गळायला लागला. पाचव्या दिवशी सुई खाली आली, वर गेली, आणि मी उगीचच एकट्याने हसलो.

रॉकेल वंगण नाही, ते फक्त घाण सोडवतं. काम झालं की पुसून घ्या आणि लगेच शिलाई मशीनचं पातळ, पांढरं तेल द्या. काही जण हेअर ड्रायरने सांधा गरम करतात, तेही चालतं. मात्र रॉकेल लावलेल्या मशीनजवळ ड्रायर न्यायचा नाही. दोन्हींपैकी एकच.

काळं अंग आणि सोनेरी नक्षी कशाने पुसू?

हा प्रश्न मी स्वतःला उशिरा विचारला. माझ्या पहिल्या मशीनवर फुलापानांची सुरेख नक्षी होती आणि तिच्यावर मळाचा थर. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि घासला. कापूस पिवळा झाला. मळ निघतोय या आनंदात मी आणखी घासलं. पिवळा रंग मळाचा नव्हता, नक्षीवरच्या लाखेचा होता. तिच्यामागोमाग सोनंही कापसावर आलं. त्या मशीनच्या कमरेवर आजही एक टक्कल आहे.

कारण असं: बिडाच्या अंगावर काळा, भट्टीत भाजलेला मुलामा असतो. त्यावर सोनेरी नक्षीचा चिकटठसा, आणि त्याच्यावर संरक्षणासाठी पारदर्शक लाखेचा पातळ थर. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून अल्कोहोल असलेलं काहीही नको. अमोनिया असलेले काच पुसायचे फवारे त्याहून वाईट, त्यांनी सोनेरी रंग चंदेरी पडतो आणि पुन्हा सोनेरी होत नाही. पाणी आणि साबणही नको, लाखेला भेगा असल्या तर पाणी खाली शिरतं.

मग काय? तेच शिलाई मशीनचं तेल. मऊ सुती कापडावर घ्या, लावा, तासभर राहू द्या, हलक्या हाताने पुसा. मळ एका बैठकीत निघत नाही, निघू नये. आधी पाठीमागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहा. कापडावर काळा-तपकिरी मळ आला तर ठीक, पिवळं किंवा सोनेरी आलं की हात थांबवा.

नक्षी पार गेली आहे. नवे ठसे लावून घेऊ का? पूर्ण रंगवू का?

मशीन तुमचं आहे. माझं मत विचाराल तर नको. ज्या जागी नक्षी झिजलेली असते तिथे कुणाचं तरी मनगट वर्षानुवर्षं कापड सरकवत टेकलेलं असतं. कडेची नक्षी ताजी आणि पुढच्या पट्टीवरची पुसलेली, हा त्या मशीनचा जन्मदाखला नसला तरी नोकरीचा दाखला असतो. नव्या ठशांखाली तो झाकला जातो. मुलामाच उडून लोखंड गंजू लागलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे रंग लागतोच.

ही नक्षी कुठली आहे हे कसं ओळखायचं?

कंपन्यांच्या नक्ष्या ठरलेल्या होत्या आणि संग्राहकांनी त्यांना नावं ठेवली आहेत, चांगल्या अर्थाने. सिंगरच्या २७ आणि १२७ या जातींवर (म्हणजे मॉडेलांवर) पंख पसरलेला स्फिंक्स, माणसाच्या तोंडाचा सिंह, दिसतो. ६६ जातीवर लाल-हिरव्या-सोनेरी रंगांची मोठी वळणं असतात, तिला ‘रेड आय’ म्हणजे लाल डोळा म्हणतात. स्फिंक्स पाहून पुष्कळांना वाटतं की ही इजिप्तचा राजा तुतनखामन याची कबर सापडल्यानंतरची हौस. कबर सापडली १९२२ मध्ये, स्फिंक्सची मशिनं त्याआधीपासून विकली जात होती.

माझं मशीन किती सालचं?

सिंगर असेल तर उजव्या बाजूला, मशीनच्या बुडाच्या पट्टीवर ठोकलेला क्रमांक शोधा. तेलाच्या पुटाखाली तो लपलेला असतो. नुसते आकडे असतील तर मशीन १९०० च्या आधीचं. १९०० पासून क्रमांकाच्या आधी एक अक्षर आलं, पुढे दोन अक्षरं. अक्षरावरून कारखानाही कळतो: एफ आणि वाय स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचे, जी अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या एलिझाबेथचं. इंटरनॅशनल सूइंग मशीन कलेक्टर्स सोसायटी या संग्राहकांच्या संस्थेने क्रमांकांच्या याद्या उपलब्ध करून दिल्या आहेत.

एक बारकावा: यादीतली तारीख मशीन तयार झाल्याची नसते. कंपनी क्रमांकांचे मोठे गठ्ठे एकदम राखून ठेवायची, ती तारीख त्या राखणीची. मशीन नंतर कधीतरी बाहेर पडलेलं असू शकतं. म्हणून ‘आमच्या मशीनचा वाढदिवस अमुक तारखेला’ असं कुणी सांगितलं की मी मान डोलावतो आणि विषय बदलतो.

दुसऱ्या कंपन्यांचं मशीन असेल तर सरकत्या पट्टीवरच्या पेटंटच्या तारखा वाचा. मशीन त्यांतल्या शेवटच्या तारखेनंतरचं, एवढं नक्की.

बिल्ल्यावर १८५१ लिहिलंय! पावणेदोनशे वर्षांचं आहे का?

नाही. पूर्ण बिल्ला वाचा, त्यावर १८५१ ते १९५१ असेल. आयझॅक सिंगरला त्याच्या मशीनचं पेटंट १२ ऑगस्ट १८५१ रोजी मिळालं, आणि त्याच्या शतकपूर्तीला कंपनीने निळ्या किनारीचा हा बिल्ला मशिनांवर लावला. म्हणजे तुमचं मशीन १९५१ च्या आसपासचं.

मग ही मशिनं दुर्मीळ तरी आहेत का?

बहुतेक नाहीत, आणि याचं मला बरं वाटतं. क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यातून एकट्या १९१३ मध्ये तेरा लाखांहून जास्त मशिनं बाहेर पडली. कारखान्याच्या दाराशी स्वतःचं रेल्वे स्थानक होतं, त्याचं नाव आजही ‘सिंगर’ आहे. १९११ मध्ये तिथले सुमारे अकरा हजार कामगार संपावर गेले होते, एवढा त्याचा पसारा. कारखाना १९८० मध्ये बंद झाला, मशिनं मात्र सगळ्या जगात पसरलेली आहेत. एडवर्ड क्लार्क या सिंगरच्या भागीदाराने १८५६ मध्ये हप्त्यावर विक्री सुरू केली, त्यामुळे ज्यांना एकरकमी जमलं नसतं त्यांच्याही घरात मशीन पोचलं.

म्हणून शंभर वर्षांचं साधं सिंगर दुर्मीळ नसतं. दुर्मीळ असतं ते सगळ्या भागांसकट, मूळ टेबलात, नक्षी शाबूत असलेलं. वय नाही, पूर्णपणा मोजा.

जुन्या मशीनमध्ये ‘लाल पारा’ नावाचा मौल्यवान पदार्थ असतो म्हणे. खरंय?

खोटं. २००९ मध्ये सौदी अरेबियात ही अफवा इतकी पेटली की लोक जुन्या सिंगर मशिनांसाठी अवाच्या सवा पैसे मोजायला निघाले. मोबाइल सुईजवळ नेला आणि फोन कट झाला तर पारा आहे, अशी ‘चाचणी’ही निघाली. मशीनमध्ये लोखंड, पोलाद, थोडं पितळ आणि भरपूर जुनं तेल असतं. पाऱ्याच्या नावाने कुणी तुमच्याकडे आलं तर दार लावून घ्या.

सिंगर सोडून दुसरं काय जमवण्यासारखं आहे?

पुष्कळ, आणि खरी मजा तिथेच आहे.

विल्कॉक्स अँड गिब्ज बघा. बाजूने इंग्रजी जी अक्षरासारखं दिसणारं छोटंसं मशीन, एकाच दोऱ्याने साखळी टाका घालतं. बॉबीनच नाही. आवाज जवळजवळ नाही. फक्त शेवटचा दोरा चुकून ओढलात तर अख्खी शिवण सरसर उसवते, यजमानांसमोर एकदा करून बघा.

व्हीलर अँड विल्सनच्या मशिनांत शटलऐवजी गोल फिरणारा हुक असतो. ॲलन विल्सनच्या या कल्पनेमुळे ती मशिनं लोण्यासारखी चालतात. चालवण्याआधी एक लक्षात ठेवा: यांतल्या जुन्या मशिनांचं हातचाक आपल्यापासून दूर फिरतं. सवयीने स्वतःकडे फिरवलंत तर दोऱ्याचा गुंता हातात येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंगरने ही कंपनीच विकत घेतली.

डेव्हिसच्या ‘व्हर्टिकल फीड’ मशीनमध्ये खाली दातच नाहीत, कापड वरून सरकतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दात तुटलेत असं समजून मी ते सोडून आलो होतो. त्याचं दुःख अजून आहे. याखेरीज क्लीव्हलंडचं व्हाइट, जर्मनीतलं फाफ आणि फ्रिस्टर अँड रॉसमान, इंग्लंडचं जोन्स. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या कारखान्यांनी सिंगरच्या १५ जातीच्या नकला ढिगाने काढल्या. त्यांवर नाव विकणाऱ्याचं असायचं, त्यामुळे एकच मशीन शेकडो नावांनी भेटतं. नक्कल म्हणून नाक मुरडू नका, शिवायला उत्तम असतात. जपानचंच जानोमे हे नाव गंमतीचं आहे, त्याचा अर्थ सापाचा डोळा. लांबट बॉबीनच्या काळात गोल बॉबीन आली तेव्हा ती तशी दिसली म्हणून.

नुसतं ठेवायचं नाही, शिवायचंही आहे. कोणतं घेऊ?

गोल बॉबीनचं घ्या. सिंगर १५ किंवा ६६, किंवा १५ ची चांगली नक्कल. यांना लागणारी सुई आणि बॉबीन आजही सहज मिळतात. लांबट शटलचं २७ किंवा १२७ दिसायला देखणं, टाकाही सुबक, पण लांबट बॉबीन भरायला आणि शटलमध्ये दोरा ओवायला हात बसावा लागतो. आडवं शटल असलेलं १२ जातीचं ‘न्यू फॅमिली’, सारंगीसारख्या कमरेचं, १८६५ पासूनचं, ते पहिलं मशीन म्हणून घेऊ नका. त्याची सुईच वेगळी.

सुयांचं नेमकं काय?

वरच्या उत्तरात आलंच, तरी एवढं धरून ठेवा. सिंगरच्या १५, २७, ६६ जातींना आजची साधी घरगुती सुई चालते, तिच्या पाकिटावर १५×१ किंवा १३०/७०५ लिहिलेलं असतं. व्हीलर अँड विल्सनच्या काही जुन्या मशिनांना वाकडी सुई लागते, विल्कॉक्स अँड गिब्जची स्वतःची, व्हाइट रोटरीची स्वतःची. जवळपास बसते म्हणून वेगळी सुई कोंबू नका, तिचं टोक हुकवर आपटतं आणि हुकावरचा तो ओरखडा पुढे प्रत्येक टीपेला दोरा तोडतो.

सुई कोणत्या बाजूला तोंड करून बसवायची ते विसरलात तर सुईवरची लांब खाच बघा. दोरा ज्या बाजूने सुईत शिरतो त्या बाजूला ही खाच हवी. दोऱ्याची शेवटची कडी ती बाजू दाखवते.

टेबलांचे प्रकार कोणते? माझं कसं ओळखू?

सिंगरचं सुरुवातीचं जड मशीन ज्या खोक्यातून यायचं, तेच खोकं टेबल म्हणून वापरलं जायचं. तिथून सुरुवात झाली. घरात मशीन शिरवायचं तर ते फर्निचरसारखं दिसायला हवं हे कंपन्यांना लवकर कळलं. सिंगरने १८६८ मध्ये इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडला लाकडी टेबलांचा कारखाना सुरू केला, कारण तिथे अक्रोडाचं लाकूड मुबलक होतं. पुढे ओकचा जमाना आला.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे वर पक्कं बसलेलं मशीन आणि त्यावर उचलून ठेवायचं लांबट झाकण. झाकणाच्या आकारामुळे संग्राहक त्याला ‘कॉफिन टॉप’ म्हणतात. नाव अशुभ, झाकण मात्र सुंदर, कोपरे वळवलेल्या लाकडाचे. दुसरा, आणि सगळ्यात जास्त दिसणारा, ‘ड्रॉप हेड’: मशीन बिजागरीवर खाली जातं, वर फळी मिटली की साधं टेबल. काही टेबलांत फळी उघडली की साखळीने मशीन आपोआप वर येतं. तिसरा म्हणजे कपाटच, दारं लावली की आत मशीन आहे हे कळतही नाही, बिडाचे पायही दडलेले. ते जागा खातं, धूळ मात्र खात नाही.

ओकच्या टेबलाची फळी खिडकीजवळ नेऊन तिरकी बघा. लाकूड गाभ्यातून चिरलेलं असेल तर त्यावर रेशमासारखे चमकते पट्टे दिसतात, प्रकाश हलला की तेही हलतात. मी ज्यांना मशीन दाखवतो त्यांना आधी हे दाखवतो.

फळीवरचं व्हिनीअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) सुटलंय, खण फुगलेत. सुताराकडे द्यावं का?

द्यायचं तर ‘पूर्ण घासून नवं पॉलिश’ एवढं मात्र सांगू नका. व्हिनीअर पातळ असतं, घासयंत्राच्या एका फेरीत खालचं लाकूड उघडं पडतं.

जुन्या टेबलांत व्हिनीअर चिकटवायला सरस वापरलेला असतो. दमटपणाने तो सुटतो आणि उष्णतेने पुन्हा मऊ होतो. त्यामुळे सुटलेल्या जागी जरासं ओलं कापड, त्यावर मंद इस्त्री, मग सपाट वजन ठेवून एक दिवस, एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. यात वरच्या लाखेच्या पॉलिशवर पांढरट डाग पडू शकतो हे माहीत असू द्या. कोपरा तुटून पडला असेल तर तुकडा पाकिटात घालून खणातच ठेवा. फुगलेल्या खणांना रंधा मारण्याआधी महिनाभर कोरड्या खोलीत राहू द्या, निम्मे खण स्वतःच सरकायला लागतात.

एका मशीनचं हेड, म्हणजे वरचं शिवणारं यंत्र, दुसऱ्याच्या टेबलात बसतं का?

सिंगरचं सिंगरमध्ये, बहुधा हो. पूर्ण आकाराच्या १५, २७, ६६, २०१ या जातींचा पाया सारखाच, सुमारे साडेचौदा इंच बाय सात इंच. मागच्या दोन भोकांत टेबलाच्या बिजागरीचे दांडे जातात आणि खालून छोटे स्क्रू त्यांना धरतात. हे स्क्रू आवळल्याशिवाय मशीन मागे कलंडवू नका, पायाच्या बोटांवर येतं. २८ आणि १२८ ही पाऊण आकाराची, ती मोठ्या खाचेत बसत नाहीत. दुसऱ्या कंपन्यांचं मापानेच बघा.

वादी कुठली, किती लांब?

गोल चामड्याची, सुमारे पाच मिलिमीटर जाडीची. दोन्ही चाकांवरून फिरवून ताणा, खूण करा आणि खुणेच्या जरा पुढे कापा. जरा पुढे. मी एकदा नेमकं खुणेवर कापलं आणि दोन टोकं जोडायची टाचणी बसवायला चामडंच उरलं नाही. आरीने भोकं पाडून धातूची टाचणी अडकवा आणि पक्कडीने मिटवा. टाचणीचे टोकदार कान चाकाच्या खाचेत घासू देऊ नका. नवं चामडं ताणलं जातं, पहिल्या महिन्यात एकदा तरी आखूड करावं लागतं. घट्ट वादीने पाय दुखतात, सैल वादी घसरते. बोटाने दाबल्यावर थोडी लवली की पुरे.

पाय चालवायला जमत नाही, चाक सारखं उलटं जातं.

सगळ्यांचं जातं. मधली मूठ सैल करा म्हणजे सुई हलणार नाही, आणि दोरा न ओवता नुसते पाय चालवा. दोन्ही पाय खालच्या पायपट्टीवर, एक जरा पुढे, एक मागे. टाच, चवडा, टाच, चवडा. सुरुवात पायाने करायची नाही, उजव्या हाताने हातचाक स्वतःकडे ढकला आणि पायाने नुसती साथ द्या. थांबतानाही हातचाकावर तळहात. बूट काढा, अनवाणी पायाला पट्टीचा ताल लवकर कळतो.

पायाच्या एका झोक्यात खालचं मोठं चाक एकदा फिरतं आणि वरचं छोटं चार-पाच वेळा. म्हणून घाई नको. हळू चालवलेलंच पुरेसं वेगाने शिवतं. शिवताना चाक उलटं गेलं तर खाली दोऱ्याचा गोळा होतो, तो ओढू नका, कापून काढा. आणि कापड नसताना दाबपाय खाली ठेवून मशीन चालवू नका, दात आणि पाय एकमेकांना खातात.

खट-खट आवाज येत असेल तर तो मशीनचा नसतो, पट्टीला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा असतो. त्याच्या टोकाचा स्क्रू किंचित आवळा आणि तेलाचा थेंब द्या.

मोटर बसवू का?

कशाला? उलट सल्ला देईन: जुनं हेड पायटेबलासाठी घेताना ते पायावर चालू शकतं का ते बघा. सिंगर १५-९१ आणि २०१-२ यांत मोटर अंगातच, दात्यांनी जोडलेली असते. त्यांच्या हातचाकाला वादीची खाच नसते, म्हणून ती पायावर चालत नाहीत.

बिडाच्या पायांवर काच टाकून टेबल केलं तर?

हेड खरोखर भंगारात गेलं असेल तर करा. चालू मशीन उचकटून नको. मला अशा टेबलांवर जेवायला बसवलं की मी सवयीने पाय हलवत राहतो आणि खाली काहीच फिरत नाही.

खणांत काय काय सापडतं, आणि त्यातलं काय ठेवायचं?

सगळं ठेवा. गंजक्या सुयांसकट. झालरी घालायचा ‘रफलर’, बारीक चुण्या टाकायचा ‘टकर’, कडा दुमडायचे निरनिराळ्या रुंदीचे पाय, पायपिंग लावायचा ‘बाइंडर’, हे त्याच मशीनच्या मापाचे असतात आणि सुटे सापडणं कठीण. नशीब जोरावर असेल तर उलगडत जाणारी एक लाकडी पेटी मिळेल, १८८९ च्या पेटंटची. मिटलेली असताना ती साधा ठोकळा वाटते. कड्या सोडल्या की चारही बाजू आडव्या पसरतात आणि प्रत्येक जोडपाय आपापल्या खाचेत बसलेला दिसतो.

माझ्या एका टेबलाच्या उजव्या खणात एक पितळी बॉबीन होती, निळा दोरा अर्धा भरलेली, आणि एका कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने मापं: छाती, कंबर, बाही. नाव नव्हतं. बॉबीन मी मशीनमध्ये घालून पाहिली. दोरा एका विताच्या पुढे टिकला नाही, कुजलेला होता. तो कापून टाकायचं धाडस झालं नाही, आहे तसाच परत खणात ठेवला.

मशीन हलवताना?

हेड आणि टेबल वेगळं करा. हेड बारा-चौदा किलोचं असतं आणि टेबलावर राहिलं तर गाडीच्या पहिल्याच धक्क्याला बिजागरी उचकटते. वादी काढा, खण काढा किंवा दोरीने बांधा. शटल आणि पट्ट्या कापडात गुंडाळून स्वतःच्या खिशात. बिडाचं स्टँड उचलायला दोन माणसं, आणि ओढायचं नाही, पायांची छोटी चाकं नेमकी तेव्हाच मोडतात.

नव्या जागी ठेवल्यावर दाबपायाखाली कापडाचा तुकडा ठेवा, आणि लहान मुलं असतील तर वादी उतरवून ठेवा. फिरत्या मोठ्या चाकात बोटं घालायची इच्छा सगळ्यांनाच होते.